पहिले पंधरा दिवस: पट्टी आणि पाऊस

सहावीचं गणित आणि विज्ञान दोन्ही तुमच्याकडे आलंय. जूनमध्ये उजळणी घ्यावी की थेट पहिला धडा, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उजळणी घ्याच, पण पाढे घोकून घेण्यात ते दिवस घालवू नका. मुलं खरी अडतात अपूर्णांकांत. १/२ + १/३ = २/५ लिहिणारी हमखास निघतात. कागदाच्या पट्टीला घड्या घालून सहा समान भाग करायला लावा. अर्धी म्हणजे तीन भाग, एक तृतीयांश म्हणजे दोन. पाच भाग समोर दिसतात. छेद समान का करायचा, ते मग मुलंच सांगतात.

विज्ञानाला पाऊस आहेच. तो मोजायला पर्जन्यमापक बनवा: सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून भिंत सरळ होते तिथवर आधी पाणी भरून शून्याची खूण करा. (ही खूण राहिली तर सगळी मापं चुकतात.) १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर पाणी. २०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिमी पडला तर २,००० लिटर! हे गणित मुलांनाच करू द्या, रोजची नोंदही त्यांच्याकडेच. स्तंभालेखाला तेच आकडे वापरा.