सॉकेट ठोकायच्या आधी पंक्चरवाल्याकडे जाऊन या

गाडीचं चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला लॉक नट त्याच्याच नक्षीच्या चावीने, म्हणजे नट आणि पाना यांच्यामध्ये बसणाऱ्या छोट्या तुकड्याने, सुटतो. ती चावी हरवली तर थोडं लहान सॉकेट (पान्याचं नळीसारखं तोंड) हातोड्याने ठोकून बसवायचं आणि नट सोडवायचा, असं बरेच जण सुचवतात. जमतं, मीही केलंय. पण त्यात सॉकेट आणि नट दोन्ही वाया जातात, आणि नटाभोवती सैल फिरणारी रिंग असेल तर पकडच मिळत नाही. एखादा फटका चुकला की अलॉय चाकावर कायमचा ओरखडा, तो वेगळाच.

माझी चावी हरवलेली नव्हतीच. सुरूर फाट्याच्या पुढे चाक बसलं, डिकी उपसली, स्टेपनीखालचा फोम उचलून पाहिला, कुठेच नाही. हवा भरत भरत कसाबसा साताऱ्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी सहज आठवलं, महिनाभरापूर्वी चाकं अदलाबदल करून घेतली होती. त्या दुकानात गेलो तर पोऱ्याने एअर गनचं (हवेच्या दाबाने नट फिरवणाऱ्या यंत्राचं) सॉकेट आपटलं आणि आतून माझी चावी टुणकन बाहेर पडली! महिनाभर तिथेच अडकून बसली होती. तिच्या नक्षीचा एक कोपरा उडालाय, कारण ही चावी गनसाठी नसतेच, हाताच्या पान्यानेच फिरवायची. आता नट सैल झाले की चावी आधी खिशात, मग चहा.

आणि हो, चावीवर किंवा सोबतच्या कार्डावर कोड असतो. त्याचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा. त्या कोडवरून शोरूममधून नवी मागवता येते.