फायनल फॅन्टसी १६ चा डेमो खेळलो. याला आरपीजी म्हणायचं की नाही?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

आपल्या ग्रुपात या गेमचा निकाल कधीच लागून गेलाय: ‘आरपीजी (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) नाही, नुसती मारामारी.’ मला तो निकाल मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी डेमो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो फुकट आहे, गोष्टीचा सुरुवातीचा भाग त्यात साधारण दोन तासांचा आहे, आणि पुढे गेम विकत घेतला तर सेव्ह तिथूनच चालू राहतो. प्लेस्टेशन ५ वर तो जून २०२३ मध्ये आला, पीसीवर ऑगस्ट २०२४ मध्ये.

गोष्ट, मुख्य धक्का न फोडता: रोझारिया नावाचं राज्य. थोरला राजपुत्र क्लाइव्ह पंधरा वर्षांचा. घराण्यात चालत आलेली फिनिक्सची शक्ती त्याच्याऐवजी धाकट्या जोशुआला मिळालीय. आईच्या मनातून थोरला पार उतरलाय. ती धाकट्याच्या तब्येतीची काळजी करते आणि थोरल्याशी धड बोलतसुद्धा नाही. आणि हा पोरगा कुढत बसण्याऐवजी तलवार शिकून त्याच धाकट्याचा रक्षक झालाय. पहिल्या अर्ध्या तासात मला हे नातं इतकं पटलं की पुढे दलदलीत लढाई सुरू झाली तेव्हा मी क्लाइव्ह म्हणूनच लढत होतो.

आता लढाई. चौकोन बटणाने तलवारीचा वार, त्रिकोणाने जादूचा मारा. बटणं बडवत सुटलात तरी शत्रू मरतो, पण खरी गंमत वेगळीच आहे. प्रत्येक वाराच्या पाठोपाठ, नेमक्या क्षणी त्रिकोण दाबला की त्या वारालाच जादूची जोड मिळते. ती लय हाताला सापडली की चार वारांचा कॉम्बो वाजवल्यासारखा बसतो. मॉर्बॉल नावाचा वेलींच्या हातांचा आणि तोंडभर दातांचा राक्षस अंगावर येतो, त्याचा फटका लागता लागता कंट्रोलरचं आर-वन बटण दाबलं की क्षणभर वेळ मंदावते, आणि त्या फटीत उलटा वार करता येतो. लढाईची रचना र्योता सुझुकी यांची आहे, त्यांनी आधी कॅपकॉम कंपनीत ‘डेव्हिल मे क्राय ५’ या ॲक्शन गेमवर काम केलंय. ते हातात लगेच कळतं.

माझं म्हणणं असं: नुसते आकडे वाढणं म्हणजे आरपीजी नाही. एखाद्या माणसाची जागा घेऊन त्याचं ओझं आपल्या हातात येणं, हा त्या प्रकाराचा गाभा आहे. तो या डेमोत शंभर टक्के आहे. मी पूर्ण गेम घेणार.

चारभिंती (सातारा)

गोष्ट चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. जोशुआचं पात्र मलाही आवडलं. पण तू ज्याला गाभा म्हणतोस तो कुठल्याही चांगल्या गोष्टीचा गाभा असतो. आरपीजीचा गाभा वेगळा आहे: निर्णय माझा असला पाहिजे.

डेमोत तू काय ठरवलंस ते सांग की. कुठे जायचं, ते गेमने ठरवलं. कुणाशी काय बोलायचं, ते क्लाइव्हने. सोबतीला कोण, तेही आधीच ठरलेलं, आणि ते सोबती आपल्या मनाने लढतात. तुला फक्त तुझा कुत्रा टॉर्गल याला तीन हुकूम देता येतात. तलवार, कंबरपट्टा, मनगटाची पट्टी, तीन अलंकार: एवढंच सामान. नवी तलवार मिळाली की जुनी टाकायची, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. आगीची जादू बर्फाच्या शत्रूला जास्त लागते का? नाही. विष, झोप, आंधळेपणा असं शत्रूवर काही लादता येतं का? नाही. १९८७ पासून ही मालिका ज्या गोष्टींवर उभी राहिली त्यातल्या बऱ्याचशा इथे काढून टाकल्यात.

आणि मॉर्बॉलचंच बोलायचं तर, जुन्या भागांत त्याचा दुर्गंधी श्वास अंगावर आला की अख्खी टोळी विष, झोप, गोंधळ अशा व्याधींनी एकदम कोसळायची. आधी तयारी केली नसेल तर लढाई तिथंच संपायची. ती भीती तुझ्या दलदलीत कुठे आहे? इथे तो एक मोठा शत्रू आहे, त्याच्या फटक्याला बगल द्यायची, बस. मला तिथं खरंच वाईट वाटलं. तयारी करण्याचं सुख काढून घेतलं आणि त्या जागी फक्त चपळाई ठेवली.

तुम्ही सांगलीकर, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ तिथंच केलं, तेव्हापासून नाटक तुमच्या अंगात आहे. दोन तासांतला निम्मा वेळ कटसीन (मधले सिनेमासारखे प्रसंग) बघण्यात गेला तरी तुम्हाला चालतं. मला खेळायचं असतं.

पेठभाग

वाद चालू द्या. मशीनबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो, कारण आपल्याकडे निम्म्या लोकांचा प्रश्न तोच असतो.

कंपनीने पीसीसाठी दिलेली किमान गरज अशी: १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड, आणि हार्ड डिस्क नव्हे, एसएसडीच. एवढ्यावर त्यांनी वायदा केलाय तो फक्त ७२० पिक्सेलला सेकंदाला ३० फ्रेमचा. १०८० ला ६० फ्रेम हवे असतील तर आरटीएक्स २०८० सांगितलंय. पूर्ण गेमला १७० जीबी जागा लागते. आणि कटसीन पीसीवरसुद्धा ३० फ्रेमवरच अडकवलेत, कार्ड कितीही भारी असू दे. लढाईतून कटसीनमध्ये जाताना चित्र जड झाल्यासारखं वाटलं तर मशीनला दोष देऊ नका.

म्हणूनच मला डेमो ही गोष्ट मोलाची वाटते. मार्च २०२४ मध्ये ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ आला, त्याच्या आधी काय दिलं होतं? फक्त पात्र बनवण्याचा भाग. चेहरे, केस, दाढ्या बनवून लोक खूश झाले आणि गेम आल्यावर गावात शिरले की फ्रेम पडायचे, कारण तिथल्या माणसांच्या गर्दीचा भार प्रोसेसरवर येत होता. पात्र बनवण्याच्या खिडकीत ते दिसणार कसं? इथे खरी लढाई, खरा किल्ला, आग, धूर, सगळं आपल्या मशीनवर चालवून बघता येतं. आरपीजी आहे की नाही ते तुम्ही ठरवा, डेमो मात्र सच्चा आहे.

हरभटरोड

रिफंड असताना डेमो कशाला हवा? स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या, दोन तासांच्या आत नाही आवडला तर परत करा. चौदा दिवस मुदत असते.

पेठभाग

@हरभटरोड भाऊ, त्या दोन तासांत या गेमचा धड पहिला अंकही संपत नाही. आणि परत करण्यासाठी आधी दीडशेच्या वर जीबी उतरवायचे? गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्याने काय करायचं? त्यात डाउनलोड चालू असताना लाइट गेली की बसा. शिवाय रिफंडसाठी आधी खिशात पूर्ण पैसे असावे लागतात. कॉलेजच्या पोरांकडे ते नसतात, म्हणून तर ती डेमो शोधत असतात.

मिरजेची

मी एरवी इथे फक्त वाचते, पण या डेमोतल्या एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि माझ्या घरात तीच सगळ्यात मोठी ठरली.

माझ्या काकांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात चालतो पण संथ. त्याआधी ते भरपूर गेम खेळायचे. आता कुठलीही ॲक्शन गेम लावली की थोड्या वेळाने ते कंट्रोलर माझ्याकडे देतात आणि ‘तू खेळ, मी बघतो’ म्हणतात. या डेमोत सुरुवातीपासून पाच अंगठ्या मिळतात. एक घातली की फटका येताना वेळ आपोआप मंदावते आणि बगल द्यायला सवड मिळते. दुसरी घातली की क्लाइव्ह स्वतःच बगल देतो. तिसरीने एकच बटण दाबत राहिलं तरी वार, जादू, कॉम्बो सगळं जुळून येतं. चौथी टॉर्गलला सांभाळते, पाचवी वेळेवर औषध पाजते.

काकांनी बगल देणारी आणि वार जुळवणारी अशा दोन घातल्या आणि तो मॉर्बॉल स्वतः मारला. कंट्रोलर माझ्याकडे आला नाही. चारभिंती दादा, तुम्ही म्हणता निर्णय खेळणाऱ्याचा हवा. आपल्याला किती मदत घ्यायची हा निर्णय इथे खेळणाऱ्याचाच आहे, आणि तो पुढे बदलताही येतो. अंगठी काढली की मदत बंद. ‘सोपी’ म्हणून कुठली पाटी लावून कुणाला बाजूला बसवलेलं नाही.

चारभिंती (सातारा)

मिरजेची ताई, काकांना माझा नमस्कार सांगा. हे वाचून खूप बरं वाटलं, आणि या अंगठ्या गेममध्ये असायलाच हव्यात याबद्दल माझं दुमत नाही.

पण त्यांची मांडणी बघा. अलंकारांच्या जागा तीन आणि मदतीच्या अंगठ्या पाच. ज्याला पाचही लागतात त्याने कुठल्या दोन सोडायच्या? आणि ज्याने तीन घातल्या त्याच्याकडे दुसऱ्या कुठल्याही अलंकाराला जागा उरत नाही. म्हणजे शक्ती लवकर परत यावी, वार जास्त लागावा, असे जे थोडेफार आरपीजीतले निर्णय या गेममध्ये शिल्लक आहेत, तेच नेमके काकांसारख्या खेळाडूच्या हातून जातात. ही मदत सेटिंगमध्ये हवी होती, अंगावरच्या सामानात नको. सामानात टाकली म्हणजे गरज असलेल्या माणसाला तिची किंमत मोजावी लागते. मला हे अन्यायाचं वाटतं आणि त्याबद्दल बोललं पाहिजे.

मिरजेची

हा मुद्दा पटला दादा. काकांना दोनच लागल्या म्हणून माझ्या लक्षात आला नाही. तरी सेटिंगमध्ये ठेवलं असतं तर त्यांनी तिथे जाऊन शोधलं असतं का, याची मला शंका आहे. सामानाच्या पिशवीत समोर दिसलं म्हणून त्यांनी स्वतः उचललं.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

@चारभिंती, अंगठ्यांच्या जागेचं तुझं बरोबर आहे. बाकीचं नाही.

तू डेमोचा एकच भाग धरून बोलतोयस. गोष्ट संपल्यावर आयकॉनिक चॅलेंज म्हणून वेगळा भाग उघडतो, तो खेळलास का? त्यात मोठा झालेला क्लाइव्ह आहे आणि त्याच्याकडे एकापेक्षा जास्त शक्ती आहेत. फिनिक्सने लांबच्या शत्रूपर्यंत झेप घेता येते, गरुडा नावाच्या शक्तीने त्याला आपल्याकडे खेचता येतं. मोठ्या शत्रूचा पडद्यावर दिसणारा इच्छाशक्तीचा पट्टा निम्म्यावर आला की गरुडाच्या पंज्याने त्याला जमिनीवर आपटायचं, मग तो सावरेपर्यंत हात मोकळे. कुठली शक्ती आधी वापरायची आणि कुठली तो पूर्ण कोसळेल त्या वेळेसाठी राखून ठेवायची, हा विचार प्रत्येक लढाईत करावा लागतो. शिकलेली कला आवडली नाही तर तिच्यावर खर्चलेले सगळे गुण परत मिळतात, एकही वाया जात नाही, त्यामुळे दुसरी जुळणी करून बघायला भीती वाटत नाही. तयारीचं सुख काढून घेतलं म्हणतोस, ते इथे आहे. फक्त विषाच्या उताऱ्याच्या बाटल्या मोजण्याऐवजी हाताच्या सवयी घडवाव्या लागतात.

कटसीनचं म्हणशील तर मधेच थांबवून त्या क्षणी पडद्यावर असलेली माणसं, राज्यं, जागा यांची माहिती वाचता येते. इतक्या नावांच्या गोष्टीत एवढा विचार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. मराठी सोडाच, हिंदी सबटायटलही नाहीत, त्यामुळे इंग्रजी भराभर न वाचणाऱ्याला थांबून समजून घ्यायला ही सोय फार उपयोगी पडते.

आठवीच्याआई

पालक म्हणून एक विनंती. या डेमोत उघड रक्तपात आहे, शिवीगाळ आहे, आणि शेवटच्या रात्रीचा प्रसंग लहान मुलाच्या डोळ्यांसमोर घडतो. युरोपात याला अठरा वर्षांवरचा शिक्का आहे. फुकट आहे म्हणून पोरांना लावून देऊ नका. मी आधी एकटीने बघितला आणि मुलाला ‘नंतर’ सांगितलं. तो रुसलाय, पण ठीक आहे.

चारभिंती (सातारा)

आयकॉनिक चॅलेंज खेळलोय, आणि लढाई म्हणून ती उत्तम आहे हे मान्य. पण तुझीच वाक्यं परत वाच. झेप, खेच, आपट, राखून ठेव. हे सगळं उत्तम ॲक्शन गेमचं वर्णन आहे. सुझुकींनी तेच बनवलंय आणि मन लावून बनवलंय. मग त्याला ॲक्शन गेम म्हणायला आपण का कचरतो? नावात फायनल फॅन्टसी आहे म्हणून?

माझी तक्रार गेमच्या दर्जाबद्दल नाही. थांबून विचार करायला लावणारी, पाळीपाळीने खेळायची लढाई मोठ्या पैशाच्या गेममधून हळूहळू नाहीशी होत चाललीय, आणि ज्या मालिकेने आम्हाला ती शिकवली तिनेच ती सोडली. डेमो संपल्यावर मला पुढे जोशुआचं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. पुढची लढाई कधी लढतो, असं मात्र एकदाही वाटलं नाही. दोन्ही वाटलं असतं तर मी आजच घेतला असता.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

मला दोन्ही वाटलं. मी घेतोय, डाउनलोड रात्री लावतो. तू सांगलीला आलास की माझ्याकडे बस, अंगठ्या न घालता सुरुवातीपासून खेळ, आणि जोशुआचं काय झालं ते तुझं तूच बघ. मी सांगणार नाही.