सिग्नल ट्यूब घरी शिवावी का?

प्रश्न: परवा स्कूबा डाइव्हनंतर वर आलो तर बोट लांब, लाटा मोठ्या. हात हलवून दमलो, कुणाला दिसेना. आता सिग्नल ट्यूब (हवा भरली की पाण्यावर उभी राहणारी, बोटीला लांबून दिसणारी नळी) हवीच. ताडपत्रीची घरी शिवली तर?

उत्तर १: नका. सुईच्या प्रत्येक भोकातून हवा जाते. जोड वेल्ड केलेलाच, म्हणजे उष्णतेने चिकटवलेलाच हवा. बंद तोंडाची असेल तर जास्तीची हवा सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हही लागतो, कारण १० मीटर खोलीवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. मी १.८ मीटरची नारिंगी वापरतो. बुटकी लाटेआड जाते.

उत्तर २: आणि स्पूल (ट्यूबच्या दोरीचं रीळ) बीसीडीला, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटला अडकवून ट्यूब सोडू नका हो. मी सोडली होती. दोरी अडकली, ट्यूबमागोमाग मीही वर!

प्रश्नकर्ता: बरं, शिलाई मशीन परत माळ्यावर. शिट्टी, आरसा?

उत्तर १: दोन्ही. शिट्टी इन्फ्लेटर होजला (जॅकेटात हवा भरायच्या नळीला) बांधा, खिशात नको.