रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनवर प्लेटलेट्स २८,०००, पण रुग्णाच्या अंगावर एक ठिपका नाही

प्रश्न
जांभळ्या ट्यूबमधल्या नमुन्यात प्लेटलेट्स २८,००० आल्या. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी किंचित जास्त. हिरड्यांतून रक्त नाही, त्वचेवर लाल ठिपके नाहीत. तोच नमुना दोन तासांनी लावला तर १९,०००! रिपोर्ट सोडायचा का?

शेपूटबघ्या
थांबवा. ठेवलेल्या नमुन्यात आकडा असा घसरला की पहिला संशय ईडीटीएवर, म्हणजे जांभळ्या ट्यूबमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनावर. आधी ट्यूबमध्ये लाकडी काडी फिरवा. गाठ लागली तर नमुना बाद, पुढचं काहीच करू नका. नसेल तर स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) काढा आणि शेपटाची, म्हणजे थर संपतो तिथली, कड बघा. प्लेटलेट्सचे पुंजके तिथेच ओढले जातात, नुसता मधला भाग पाहणाऱ्याला स्लाइड रिकामी वाटते. तुमच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात तेही त्यामुळेच असावं: मोठा पुंजका मशीन पांढरी पेशी म्हणून मोजतं.

निळी ट्यूब
ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकतं, त्याने प्लेटलेटवरच्या प्रथिनाचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो आणि काहींच्या रक्तातली प्रतिपिंडं तिथे चिकटतात. सगळा खेळ ट्यूबमधला, शरीरात काही होत नाही. नव्याने रक्त घ्या, ३.२ टक्के सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये: ०.३ मिलि सायट्रेटला २.७ मिलि रक्त, बरोबर खुणेपर्यंत. ट्यूब हळू उलटसुलट करा, लगेच लावा. आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ होतं. म्हणजे १,६०,००० आल्या तर १,७६,०००. हे गुणायचं विसरतात! पांढऱ्या पेशीही याच ट्यूबमधून, तसंच गुणून घ्या.

शेपूटबघ्या
एक भर. काहींचे पुंजके सायट्रेटमध्येही होतात. मग बोटातून २० मायक्रोलिटर रक्त थेट १ टक्का अमोनियम ऑक्झॅलेटच्या ०.३८ मिलि द्रावात. न्यूबावर चेंबर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) भरून ओल्या कापसासोबत झाकून २० मिनिटं ठेवा, नाहीतर द्राव सुकतो आणि प्लेटलेट्स खाली बसत नाहीत. मधल्या २५ चौकोनांपैकी पाचांत मोजा, गुणिले १,०००.

प्रश्नकर्ता
कडेला पुंजके आहेत, भरपूर. रिपोर्टवर काय लिहू?

निळी ट्यूब
२८,००० छापूच नका. तो आकडा पाहून कोणी स्टिरॉइड सुरू करेल. «ईडीटीए नमुन्यात प्लेटलेट्सचे पुंजके, मोजणी सायट्रेट नमुन्यावर» एवढं लिहा. पुढच्या वेळीही निळी ट्यूब लागेल, हे रुग्णाच्या कागदावर लिहून द्या.