मदत हवी आहे: डिस्नेच्या टियाना राजकन्येची नवी पाण्याची राईड, १ जुलै, सोबत आई-बाबा. जमेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही अटलांटात राहतो. आई-बाबा एप्रिलमध्ये कोल्हापूरहून आलेत, ७ जुलैला परतीचं विमान. त्याआधी गाडीने ऑरलँडो करायचं ठरलंय आणि तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कची १ जुलैची तिकिटं काढून बसलोय. तेव्हा डोक्यातही नव्हतं, पण तिथली नवी राईड टियानाज बायू ॲडव्हेंचर २८ जून २०२४ला उघडतेय, आमच्या तीनच दिवस आधी. आता घरात दोन तट पडलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही म्हणजे जुनी स्प्लॅश माउंटनच. ओंडक्याच्या होडीत बसायचं, पाण्यातून रमतगमत डोंगराच्या पोटात फिरायचं आणि शेवटी पन्नासेक फुटांवरून धाडकन खाली. डोंगर तोच, पाण्याची वाट तीच, आतली गोष्ट तेवढी नवी. जुनी राईड २०२३च्या जानेवारीत बंद केली.

माझी थोरली नऊ वर्षांची. टियाना, डिस्नेची पहिली काळी राजकन्या, म्हणजे तिचा जीव की प्राण. का, ते मी कधी विचारलं नाही, पण घरात ती एकटीच सावळी. आई येता-जाता "उन्हात नको गं, काळवंडशील" म्हणते. आईच्या मनात काही नसतं, पोरगी मात्र गप्प होते. तिने कॅलेंडरवर २८ तारखेभोवती हिरवा गोल काढून ठेवलाय.

दुसरा तट नवऱ्याचा. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हाचा, होडी खाली कोसळतानाचा फोटो अजून फ्रीजवर आहे (माझे डोळे घट्ट मिटलेले). कंपनीने या महिन्यात पूर्ण राईडचा व्हिडिओ टाकला, तो पाहून त्याचं म्हणणं: "यात खलनायकच नाही. मग पडायचं कशासाठी?" खरं सांगू, थोडं पटतं. जुन्या गोष्टीत ससा कोल्ह्याच्या तावडीत सापडतो, काटेरी झुडपात फेकला जातो, म्हणून आपणही पडतो. इथे टियानाला मार्डी ग्रास सणाच्या जलशासाठी वादक हवेत, ते शोधायचे. चांगलं आहे, पण वादक शोधताना कड्यावरून कोण पडतं?

माझ्या अडचणी मात्र साध्या आहेत. उघडल्यापासून तिसऱ्याच दिवशी तिथे शिरकाव तरी होईल का? धाकटा दाराच्या चौकटीला लावून मोजला तर साडेएकोणचाळीस इंच भरतो, त्याला घेतील? आणि आईचा गुडघा धरतो, शिवाय ती साडीशिवाय बाहेर पडत नाही. तिने बसावं का? बाबा म्हणतात, "मी खाली बाकावर बसतो, तुम्ही जावा." पण एवढ्या लांब आणून बाकावर बसवायचं जिवावर येतं.

टाम्पाकर:
वार्षिक पास असल्याने उघडण्याआधीच, गेल्या आठवड्यात बघून आलो. आधी कामाचं सांगतो. सध्या, म्हणजे २०२४च्या जूनमध्ये, साधी रांग नाहीये, ॲपवर व्हर्च्युअल क्यू आहे, म्हणजे फोनवरून नंबर लावायचा. सकाळी ७ ला एकदा उघडते, दुपारी १ ला दुसऱ्यांदा. सातला हॉटेलच्या पलंगावरून नंबर लावता येतो, एकला मात्र पार्कच्या आत असावं लागतं. सगळ्यांची तिकिटं आदल्या रात्रीच एका खात्यात जोडून ठेवा आणि ६:५९ ला बोट तयार ठेवा. तत्काळ तिकीट काढल्याचा अनुभव असेल तर तोच प्रकार समजा.

धाकट्याचं अवघड आहे. अट ४० इंचांची आहे. दोन आठवड्यांत अर्धा इंच वाढवायचा उपाय कुणाला माहीत असेल तर मलाही सांगा. जाड तळव्याचे बूट वगैरे नको, मोजपट्टीपाशी रडारड होते. रायडर स्विच मागा: तुम्ही आधी जा, नवरा पोराजवळ थांबेल, मग तो जाईल.

खलनायक नाही हे खरं. पण आतली हलती पात्रं इतकी जिवंत झालीत की माझी तक्रार विरून गेली.

काठीण्यपातळी:
आईंना बसवू नका असं मी म्हणेन. पडण्याचं सोडा, होडीत उतरणंच त्रासाचं आहे. बैठक खोल, एक पाय आत टाकून वाकावं लागतं. गुडघा धरणाऱ्याने उतरताना काय करायचं? साडीचं तर विचारूच नका. मुंबईत गोराईच्या वॉटर पार्कला नायलॉनचा पोशाख सक्तीचा म्हणून आमची आजी लाँचमध्येच रुसून बसली होती, ते आठवलं.

एक दिवस जास्त मिळाला तर डिस्नेच्याच तिथल्या दुसऱ्या पार्कात, एपकॉटमध्ये 'जर्नी ऑफ वॉटर' करा. चालत फिरायची वाट आहे, पाऊस ते समुद्र असा पाण्याचा प्रवास. हात पुढे केला की धारा खेळतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये उघडली तेव्हा "ही कसली राईड, ही तर बाग" म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. तुमच्या आईंना बागच हवी.

जुनंखोड:
नवऱ्याला सांगा, मीही १९९३ पासूनचा स्प्लॅशवाला. पण ती राईड ज्या १९४६च्या सिनेमावरून घेतली, तो डिस्नेने अमेरिकेत घरी बघण्यासाठी कधीच बाजारात आणला नाही. काळ्या मजुरांचं जगणं गोडगोड करून दाखवल्याची टीका त्यावर पहिल्यापासून आहे. स्वतःलाच दाखवायची लाज वाटते त्या गोष्टीवर डोंगर किती दिवस उभा ठेवणार? राईड बंद झाली तेव्हा तिथलं पाणी बरण्यांत भरून ईबेवर विकायला काढलं होतं लोकांनी. आपल्याकडे काशीहून गडू आणतात तसं. फारच आठवण येत असेल तर टोकियोला जा म्हणावं, तिथे जुनी अजून चालू आहे.

आणि दुपारी वीजपाऊस ठरलेला. विजा चमकल्या की उघड्यावरच्या राईड थांबतात. सकाळचाच नंबर धरा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. ठरलं: सातला आम्ही दोघं दोन फोनवर बसणार, थोरली दोन्ही खेपांना होडीत, एकदा माझ्याबरोबर, एकदा नवऱ्याबरोबर. धाकट्याला आईसक्रीमची लाच. आईसाठी एपकॉटचा दिवस वाढवतोय. तिने "पाण्यात भिजायचंय की बघायचंय?" एवढंच विचारलं.

माझ्या बाबांचं मात्र बदललं. टियानाची त्या डोंगरात सहकारी संस्था आहे, कामगारच मालक, हे थोरलीने त्यांना सांगितलं. चौतीस वर्षं साखर कारखान्यात काढलेला माणूस तो. आता बाकावर बसायला तयार नाहीत. सभासद किती आणि चेअरमन निवडून आलाय का, असं विचारतायत. टाम्पाकर, आत कुठे पाटी दिसली का?