इअरफोन काढला तरी स्पीकर मुकाच, जॅक साफ करू की बदलू?

संत्रानगरी
एलएम३८६ (आवाज वाढवणारी आयसी) वरचा मोनो रेडिओ आहे, स्पीकर ८ ओहमचा. इअरफोनमध्ये आवाज स्वच्छ, पण पिन काढली की स्पीकरमधून काहीच येऊन नाही राहिलं. पिन हलवत काढली तर क्षणभर खरखरतो. जॅक बदलायचाच असेल तर बर्डीला (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) नेमका कोणता मागू?

टिन_फ्लक्स
आयसी आणि स्पीकर ठीक आहेत भाऊ, दोष जॅकमधल्या पत्तीचा. पिन नसताना टिपची (पिनच्या टोकाला लागणारी) पत्ती मागच्या संपर्काला टेकलेली असते आणि स्पीकरला सिग्नल तिथूनच जातो. पिन आत गेली की पत्ती उचलली जाते आणि स्पीकर तुटतो. पत्तीचा ताण गेला, किंवा टेकायच्या जागी काळा थर चढला, की पिन काढूनही जोड होत नाही. उन्हाळाभर धूळ आणि कूलरची ओली हवा, त्यात हा थर लवकर चढतो.

बॅटरी काढून, मीटर बीपवर ठेवून टिप आणि स्विच (तो मागचा संपर्क) हे दोन पाय तपासा. पिन नसताना बीप हवी, घातल्यावर थांबायला हवी. पण तपासताना वायर न जोडलेली सुटी पिन वापरा. इअरफोनसकट घातली तर त्याच्या ३२ ओहममधून आणि स्पीकरमधून वाट मिळते, काही मीटर तेवढ्यावरही बीप देतात.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन १५-२० वेळा आत-बाहेर करा. खोबरेल तेल अजिबात नको, त्यावर धूळ बसते. तरीही जोड येत नसेल तर '३.५ मिमी स्टीरिओ, पाच पायांचा, स्विचवाला' मागा, प्लास्टिक बॉडीचा. तीन पायांच्या स्टीरिओ जॅकमध्ये सहसा स्विच नसतो.

रोहित्र
जोडणी अशी: आउटपुट कपॅसिटरची वायर टिपला, टिपच्या स्विच पायावरून स्पीकर प्लस, स्पीकर मायनस थेट ग्राउंडला. टिप आणि रिंग (दुसऱ्या कानाचा पाय) एकत्र जोडा, नाहीतर एकाच कानात ऐकू येईल. स्लीव्ह (दोन्ही कानांचा सामाईक पाय) आणि ग्राउंडमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाका. इअरफोनचा आवाज आवरतो, स्पीकरवर काही परिणाम नाही, आणि कोणी मोनो (रिंग नसलेली) पिन खुपसली तरी आउटपुट शॉर्ट होत नाही. जॅक प्लास्टिकचा सांगितला तो यासाठीच: धातूच्या पॅनेलला स्लीव्ह टेकली तर हा रेझिस्टर बायपास होतो. सोल्डरिंग दोन-तीन सेकंदांत उरका, प्लास्टिक मऊ झालं की पत्ती सरकते.

गच्चीवरचा_अँटेना
पीएएम८४०३ च्या बोर्डाला (छोटा स्टीरिओ अॅम्प्लिफायर) हीच जोडणी चालेल का?

रोहित्र
नाही, बोर्ड जाऊ शकतो. त्यात स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, एकही ग्राउंड नाही. इअरफोनची स्लीव्ह मात्र दोन्ही कानांना सामाईक, म्हणजे आउटपुटच शॉर्ट. जॅक इनपुटच्या बाजूला लावा: प्लेअर टिप-रिंगला, स्विचचे दोन पाय बोर्डाच्या इनपुटला. पिन घातली की बोर्डाला सिग्नल बंद आणि इअरफोन प्लेअरवरच चालतो, म्हणून प्लेअरचं हेडफोन आउटपुट घ्या, लाइन आउट नको. दोन्ही इनपुटवरून ग्राउंडला १० किलोओहम लावा, नाहीतर उघडं पडलेलं इनपुट गुणगुणतं.

संत्रानगरी
मोजलं. पिन नसताना ४० ओहमच्या आसपास, काडीने पत्ती दाबून धरली की ०.३. क्लीनरनंतरही तेच. पाच पायांचाच आणतो.