मदत हवी आहे: उन्हात स्कोप 50 मीटरचं टार्गेट 45 वर दाखवतोय

मंडळी, नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातला, रावेरकडचा. मागच्या दिवाळीपासून आमच्या भागातल्या एका छोट्या क्लबात एअरगनचं फील्ड टार्गेट खेळतोय. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 10 मीटर एअर रायफल हॉलमध्ये चालते, हे उघड्यावर. झाडाझुडपांत, नाल्याच्या काठावर 8 ते 50 मीटरच्या दरम्यान पत्र्याची टार्गेटं मांडलेली असतात. अंतर कुणी सांगत नाही आणि लेझरने मोजायला बंदी. पत्र्यात 15 ते 45 मिलिमीटरचं गोल भोक असतं, त्याला किल झोन म्हणतात. छर्रा त्यातून जाऊन मागच्या पट्टीवर बसला की टार्गेट मागे पडतं आणि एक गुण मिळतो. बाहेर पत्र्यावर लागला की शून्य. दोरी ओढली की टार्गेट परत उभं.

अंतर ओळखायचं ते स्कोपच्या, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या, साइड व्हीलवरून (कडेचं फोकसचं चाक). चित्र लख्ख होईपर्यंत चाक फिरवायचं आणि चाकावर चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. ही पट्टी मी जानेवारीत टेपने अंतर मोजून, दोन सकाळी खर्चून बनवली. तेव्हा 50 ला 50, 35 ला 35, अगदी चोख. फेब्रुवारीच्या मॅचला लांबची टार्गेटं एकामागून एक पाडली.

एप्रिलच्या मॅचला सगळं बिघडलं. सकाळी साडेसातपर्यंत ठीक. नऊनंतर 40 मीटरच्या पुढची टार्गेटं पडेनात. जवळची, 20-25 मीटरची, मात्र बिनचूक पडत होती. मॅच संपल्यावर मी चालत जाऊन पत्रे पाहिले. चार पत्र्यांवर माझ्या छऱ्यांचे राखाडी ठसे होते, चारही भोकाच्या बरोबर खाली, उजवी-डावीकडे एकही नाही. एक ठसा तर भोकाच्या काठापासून जेमतेम नखभर खाली. म्हणजे वाऱ्याचा दोष नाही. तसाही वारा पडलेला होता, शेजारच्या बागेतली केळीची पानं हलत नव्हती आणि कडेची शेवरीसुद्धा गप्प उभी होती.

घरी आल्यावर मळ्यात टेपने 50 मीटर मोजून टार्गेट लावलं. सकाळी साडेदहाला, स्कोप हाताला चटका बसेल इतका तापलेला असताना, फोकस केला तर चाकावर 45. पाच वेळा केलं. 44, 45, 45, 46, 45.

माझा हिशेब असा. बंदूक .177 ची पीसीपी (सिलिंडरमध्ये आधी भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी), ताकद 16 ज्यूलच्या आत, छर्रा वजनाने साडेआठ ग्रेनच्या आसपासचा, झीरो 30 मीटरवर (म्हणजे तिथे नेम आणि छर्रा एकाच जागी). 45 मीटरचे क्लिक देऊन (स्कोपचा उंचीचा नॉब तेवढा फिरवून) 50 मीटरवर गोळी झाडली तर छर्रा साधारण 3 सेंटिमीटर खाली बसतो. 40 मिलिमीटरच्या भोकाच्या मध्यापासून काठ 2 सेंटिमीटरवर. म्हणजे चुकणारच. उलट गरम हवा विरळ असते, तिच्यात छर्रा किंचित वर जायला हवा. म्हणून मला बंदुकीपेक्षा स्कोपवर संशय आहे.

विचारायचं हे:

स्कोप तापल्यामुळे अंतर बदलतंय, की जमिनीवरून उठणाऱ्या मृगजळामुळे मला नीट फोकस करता येत नाही? दोन्ही वेगळं कसं ओळखायचं? आणि आपल्याकडे मेपर्यंत पारा 44-45 ला जातो, तर पट्टी कोणत्या तापमानाची धरायची? नवा स्कोप घेण्याची ऐपत सध्या नाही. या स्कोपसाठीच वर्षभर पैसे साठवले होते.

प्रतिसाद १

स्प्रिंगची बंदूक असती तर आधी पकड बघा म्हटलं असतं. पीसीपी आहे तर सिलिंडरमधला दाब तपासला का? दाब उतरला की लांबचे छर्रे खाली पडतात.

धागाकर्ता

हो, क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) पाहिलं. सकाळी आणि दुपारी वेग सारखाच. शिवाय 45 हा आकडा गोळी न झाडताच येतोय.

प्रतिसाद २

भाऊ, संशय बरोबर आहे. मी धुळ्याकडचा, हे तीन उन्हाळे भोगलंय. लांबच्या अंतरावर चाकाची केसभर हालचाल म्हणजे पाच-पाच मीटर, त्यामुळे नळी आणि आतली भिंगं तापून जरा सरकली तरी आकडा पळतो. 20 मीटरला तीच हालचाल जाणवतही नाही, म्हणून तुझी जवळची टार्गेटं पडली. काही स्कोप उन्हात कमी दाखवतात, काही जास्त. दुसऱ्याची पट्टी उतरवून घेऊ नको.

मृगजळ की स्कोप, हे ओळखायला सोपी युक्ती आहे. साडेदहाला 50 मीटरचा आकडा घे. मग स्कोप बंदुकीसकट घरात कूलरसमोर अर्धा तास ठेव, बाहेर आण आणि लगेच त्याच टार्गेटवर फोकस कर. बाहेरची हवा तीच, बदलला फक्त स्कोप. आकडा 50 कडे परतला तर दोष स्कोपचा. तिथेच राहिला तर हवेचा.

फोकस करताना चाक नेहमी एकाच बाजूने आण, जवळून लांब. पुढे गेलं तर मागे ओढून जुळवू नको, पुन्हा पहिल्यापासून आण. चाकात थोडी ढील असतेच. आणि नजर पत्र्याच्या रंगावर नको, दोरीच्या पिळावर लाव.

एकच पट्टी कायमची धरू नको. छोट्या डिजिटल थर्मामीटरची वायर नळीला चिकटव आणि दर पाच अंशांना 30, 40, 45, 50 मीटरचे आकडे वहीत लिही. मॅचच्या दिवशी सरावाच्या जागेवर 50 चं मोजलेलं टार्गेट असतंच, सुरू करण्याआधी तिथे बघ आज किती घसरलंय. दोन गोळ्यांच्या मध्ये स्कोपवर पांढरा रुमाल टाक.

धागाकर्ता

दादा, खूप आभार. आज करून पाहिलं. कूलरआधी 45, कूलरनंतर 49. दहा मिनिटं उन्हात ठेवल्यावर 47, वीस मिनिटांनी परत 45. रुमाल झाकून वीस मिनिटं ठेवला तर 48 वर टिकला.

वहीत सकाळी सहाचे आणि आठचे आकडे लिहिलेत, उद्या दहा आणि बाराचे घेतो. चाकावर आता तीन पट्ट्या लावायचा विचार आहे: थंडीची पांढरी, सकाळची पिवळी, उन्हाची लाल. एका चाकावर तीन पट्ट्या कुणी लावल्यात का? घाईत चुकीचा आकडा वाचला जाऊ नये म्हणून त्या कशा मांडता, फोटो असेल तर टाका. पुढची मॅच बारा दिवसांवर आहे.